डाव्या हाताचं वेल्डिंग

सेलू, २ जानेवारी २०२५

चि. सिद्धोधन यास,

गेल्या आठवड्यात तुला अकरा वेळा फोन लावला. अकराही वेळा एकदाच वाजून बंद पडला, तेव्हा ईश्वरी म्हणाली, "बाबा, त्यानं तुमचा नंबर अडवलाय." म्हणून हे पाकीट. सेलूहून वालूर एसटीने अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि मी पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून तिकीट चिकटवतो आहे. हसायचं असेल तर हस.

ही माफीची चिठ्ठी नाही. काम आहे म्हणून लिहितो.

लाल उनो विकायला काढली आहे. आम्ही दोघं मार्चमध्ये ईश्वरीकडे नागपूरला जाणार. तिचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि गाडीची जागा एकच, तीही जावयाची. जाहिरात मीच लिहिली: 'फियाट उनो, १९९८. मूळ इंजिन काढून टर्बो इंजिन बसवलेलं, आरसी बुकात तशी नोंद. इंटरकूलर, ब्रेक, सस्पेन्शन, आतला लोखंडी पिंजरा, सर्व हाताने केलेलं. अशी दुसरी मिळणार नाही.' दोन दिवसांत सोळा फोन आले. बहुतेक टवाळ होते, एकाने तर ही देवळाजवळ लावून भाविकांना फोटो काढू द्या असा सल्ला दिला.

खरा एकच निघाला. पुण्याचा केयूर. तीस-बत्तिशीचा असेल, बोलतो कमी आणि बघतो फार. मागच्या रविवारी आला, बॉनेट उघडलं आणि अर्धा तास नुसता वाकून उभा राहिला. मग चालवून आणली. परत आल्यावर म्हणाला, "वरच्या वेगाला गुदमरते. ट्यूनिंग कोणाचं?" मी म्हटलं, माझंच. "आणि वेल्डिंग?" तेही माझंच. तेव्हा त्याने माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, या पाइपांचं वेल्डिंग डावखुऱ्या माणसाचं आहे. लहरी उलट्या बाजूने गेल्यात. तुम्ही तर चहा उजव्या हाताने घेताय."

माझी फजिती झाली हे कबूल करतो. मग तुझं नाव सांगितलं, आणि २०१९ ला इंजिन गेलं होतं, ते नंतर मी दुरुस्त करून बसवलं, तेही. तो म्हणतो, त्या माणसाने येऊन गाडी लावून दिली आणि इंजिन कशाने गेलं होतं ते त्याने समोर सांगितलं तरच घेतो. पंचवीस जानेवारीला शेवटचं येणार आहे.

तेव्हा एक दिवस ये. इंजिन कशाने गेलं हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, तू बूस्टचा नट पिळून टर्बोच्या हवेचा दाब वाढवलास. आता त्याचा राग उरलेला नाही. केयूरला आपण गॅस्केट गेलं असं सांगू, म्हणजे तुझ्याही नावाला धक्का लागणार नाही.

काकू बरी आहे. तुझी आठवण काढत नाही, पण तुझा कप अजून फळीवर वेगळा ठेवते.

काशीनाथ देऊळगावकर

*

सेलू, ८ जानेवारी २०२५

सिद्धोधन,

माझंच पत्र माझ्याकडे परत आलं. खाली पेन्सिलने तुझी एक ओळ: 'बूस्टच्या नटावरची खूण बघितली का?'

बघितली.

तू तो नट आवळून त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली होतीस. अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. नट सुताएवढाही फिरला तर रेघ तुटणार. ती तुटलेली नाही. म्हणजे तू बूस्ट वाढवला नव्हतास. हे मी आता लेखी दिलं.

आता तू विचारशील, मग टर्बो फुटला कशाने? त्याचं उत्तर मला याच आठवड्यात मिळालं. केयूरसाठी म्हणून टर्बोच्या पुढचा इंटरकूलर सोडवला, उलटा करून आपटला, तर त्यातून पंख्याच्या पात्यांचे तुकडे पडले आणि त्यांच्याबरोबर अर्धी सुपारी. पूजेची. खाचेत अजून कुंकू होतं.

खंडेनवमीचा दिवस आठव, २०१९ चा. दुसऱ्या दिवशी दसरा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला पुण्याला गाड्यांच्या स्पर्धेला निघायचं होतं. काकूने शेडमध्ये हत्यारांची पूजा मांडली, लेथला हार घातला, मग म्हणाली गाडीचीही करते, परगावी जायलीय. तू नेहमीसारखा बाहेर निघालास. "तुमचं होऊ द्या काकू, मी तवर फिल्टर धुवून आणतो." बॉनेट उघडं होतं. तिने इंजिनावर विड्याचं पान ठेवलं, पानावर गणपती म्हणून सुपारी. पूजा झाल्यावर ती सुपारी सापडेना. तिने बराच वेळ शोधली. मी म्हटलं, उंदराने नेली असेल.

ती घरंगळून हवेच्या पाइपात गेली होती. तिसऱ्या दिवशी पिंगळीच्या रस्त्यावर तू पहिल्यांदा पूर्ण जोर दिलास तेव्हा पंख्याने ती ओढली. तुला आठवत असेल, काकूने विचारलं होतं टर्बो म्हणजे काय, आणि तू समजावलं होतंस की इंजिन स्वतःच्याच धुरावर एक पंखा फिरवतं आणि त्या पंख्याने जास्तीची हवा पोटात घेतं. ती म्हणाली होती, म्हणजे फुंकणीच की. त्या फुंकणीच्या तोंडात तिनेच सुपारी ठेवली, आणि तिला हे आजतागायत माहीत नाही.

माझी अडचण समज. ती पासष्ट वर्षांची आहे, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेते. तिच्या पूजेनं तुझं नुकसान झालं हे तिला कळलं तर ती अंथरूण धरेल. तुझ्यावर आळ आला हे वाईट झालं, पण तो कोणी मुद्दाम घेतला नव्हता. तू पंचवीसला ये. केयूरला गॅस्केट सांगू. तुझी चूक नव्हती हे तुला कळलं, मला कळलं, एवढं पुरे नाही का?

काशीनाथ सर

*

सेलू, १४ जानेवारी २०२५, संक्रांत

सिद्धोधन,

तुझं कार्ड काल आलं. पुन्हा एकच ओळ: 'सर, फडकं कोणी काढलं?'

हा प्रश्न तू विचारणार हे मला पत्र पेटीत टाकतानाच कळायला हवं होतं. सकाळपासून तीन कागद फाडले. आता हा चौथा, तो फाडणार नाही.

फडकं मी काढलं.

फिल्टर सोडवल्यावर तू पाइपाच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून गेला होतास. मीच शिकवलेलं. आयटीआयमध्ये पंचवीस वर्षं प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी मी हेच सांगायचो, इंजिनाचं तोंड उघडलं की आधी फडकं, मग बाकीचं. विसरणाऱ्याला मी दिवसभर उभा करायचो. तुला कधी उभं करावं लागलं नाही.

काकू पूजा करताना ईश्वरीला फोटो पाठवायचा होता. तुझं फडकं जुन्या बनियनचं होतं, त्यावर काळे डाग. पूजेच्या फोटोत ते घाण दिसत होतं. मी उपसून खिशात घातलं, फोटो काढला, काकूची पूजा झाली, आणि तू येताना दिसलास तसं पुन्हा कोंबून ठेवलं. तू फडकं जागच्या जागी पाहिलंस आणि निर्धास्तपणे फिल्टर बसवलास. दुसऱ्या कोणाच्याही हाताखाली असतास तर आत बॅटरी मारून बघितलं असतंस. माझ्या शेडमध्ये होतास म्हणून बघितलं नाहीस.

आता दुसरं खोटं. सुपारी मला या आठवड्यात सापडली नाही. तू गेलास त्याच्या सहाव्या दिवशी सापडली. इंटरकूलर मी तेव्हाच सोडवला होता. नटावरची रेघही तेव्हाच पाहिली होती. सुपारी लेथच्या खणात सुतळीच्या गुंडाळ्यामागे ठेवली आणि खणाला कुलूप घातलं. पाच वर्षं.

का, ते विचारशील. पिंगळीच्या रस्त्यावर गाडी धूर ओकत थांबली तेव्हा आपल्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यातले दोघं माझेच जुने सहकारी. मला लाज वाटली, आणि ती कोणाच्या तरी अंगावर ढकलायची होती. मी म्हणालो, तू बूस्ट वाढवलास. तू म्हणालास, न्हाई वाढवला सर, रेघ बघा. मी रेघ बघितली नाही. मी म्हणालो, "तुमच्या लोकांना मोठी गोष्ट झेपतच नाही." हे वाक्य मी आजवर कागदावर तर सोडाच, मनातही पुन्हा पूर्ण म्हटलेलं नाही. आज लिहिलं. माझ्या तोंडून ते निघालं, म्हणजे आत कुठेतरी होतं. रागाच्या भरात बोललो असं म्हणून मी पाच वर्षं स्वतःला सोडवत आलो.

आणि तिसरं, जे तुला बहुधा ठाऊक नसेल. पुण्याच्या ज्या वर्कशॉपमध्ये तुझं काम ठरलं होतं त्यांनी मला पत्र लिहून विचारलं, माणूस कसा आहे. सुपारी सापडून तेव्हा तीन आठवडे झाले होते. मी लिहिलं, हात चांगला आहे पण जबाबदारी टाकू नये. तुला त्यांनी का नाकारलं हे तू शोधत राहिला असशील. शर्यतीच्या गाड्या बांधायच्या त्या हाताने तू वालूरला ट्रॅक्टरचे क्लच बदलतो आहेस, ते माझ्या त्या दीड ओळीमुळे. ट्रॅक्टरच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण तुझं ठरलेलं काम मी मोडलं.

काल संध्याकाळी काकूला सगळं सांगितलं. ती तीळ भाजत होती. गॅस बंद केला आणि म्हणाली, "म्हणजे सुपारी माझी, फडकं तुमचं, आन् शिव्या त्याला?" मी म्हटलं, तुला त्रास होईल म्हणून बोललो नाही. ती म्हणाली, "माझं नाव नका घेऊ मधी. मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी त्याच्या आईकडं गेले असते. पाच वर्षं मी त्या लेकराला मनातल्या मनात कोसायले, आन् तुमी शेजारी बसून जेवायलात." मग कढईतले तीळ तसेच टाकून आत गेली. अंथरूण धरलं नाही. माझ्याशी बोलत मात्र नाही.

केयूरलाही आज फोनवर सांगितलं. गॅस्केट नाही, सुपारी. तुझी चूक नाही, माझी. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्यांनी बोलावलं तर मी येतो, तुम्ही बोलावून नाही.

वर्कशॉपला आज पत्र टाकलं, त्याची प्रत सोबत आहे. पाच वर्षांनी त्याचा काय उपयोग, हे मलाही कळतं.

तुला यायचं असलं तर गाडी आहे, नसलं तर मी भंगारात देईन पण खोटं सांगून विकणार नाही. यावेळी 'ये' असं म्हणत नाही.

काशीनाथ

*

सेलू, २६ जानेवारी २०२५

प्रिय सिद्धोधन,

तुझं दुसरं कार्ड वीस तारखेला मिळालं होतं. 'गाडी वालूरला आणा. शनिवारी अकराला. माणसं असतात तेव्हा.'

ते वाचून मी आधी चिडलो, हे तुला सांगायला हवं. वाटलं, हा आता वसुली करतो आहे. काकूकडे कार्ड दिलं. सात दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "रस्त्यावर बोललात ना? मग रस्त्यावरच जाऊन सांगा."

गाडी नेताना वालूरपर्यंत चाळीसच्या वर काढली नाही. काकू शेजारी मांडीवर डबा घेऊन बसली होती आणि केयूर मागे त्याच्या गाडीत. खरं सांगतो, दोनदा वाटलं की गाडी बंद पडली तर बरं होईल.

तुझ्या गॅरेजवर उसाच्या हंगामाची गर्दी होती. चार ट्रॅक्टर, त्यांचे मालक, चहावाला, बाकड्यावर पेपर वाचणारे दोघं. तू हात पुसत बाहेर आलास. नुसता उभा राहिलास. मी घरून वाक्यं जुळवून नेली होती, ती तिथं एकही आठवेना. मी एवढंच म्हणालो की मी काशीनाथ देऊळगावकर, याचा आयटीआयचा शिक्षक, ही गाडी याने बांधली, माझ्या चुकीने फुटली, आणि चूक माझी आहे हे ठाऊक असून मी ती याच्यावर घातली, याच्या समाजावरून बोललो आणि याचं ठरलेलं कामही मोडलं. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मास्तर, लय उशीर केला की." दुसरा कोणीतरी हसला. मी थांबलो. तुझं काहीतरी येईल असं वाटत होतं. तू बॉनेट उघडलंस.

हाताला सवय असते. तू पान्यासाठी हात मागे केलास आणि मी पुढे होऊन पाना उचलला. तू वळलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "सर, हात लावू नका. तुमी तिकडं बसा."

मी बसलो. पेपरवाल्यांनी सरकून जागा दिली. पहिली दहा मिनिटं माझे कान तापले होते. आयुष्यभर हे वाक्य मी दुसऱ्यांना म्हणत आलो, मला कोणी म्हटलं नव्हतं. मग तुझं काम दिसायला लागलं आणि मी बाकीचं विसरलो. मी इंधनाचा दाब वाढवत बसलो होतो. तू आधी पाइपांचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासलेस आणि माझ्या बसवणुकीतले तीन गळके सापडले. तिसऱ्याला तर माझी मान खाली गेली. दीड तासाने तू गाडी चालू केलीस आणि पाय दाबलास. टर्बोची ती शीळ मी पाच वर्षांनी ऐकली. काकूने डबा खाली ठेवला आणि डोळ्याला पदर लावला.

केयूर पुढे आला आणि त्याने विचारलं, "ही कोणी बांधली?"

तू म्हणालास, "मी."

पुढे माझं नाव येईल म्हणून मी थांबलो होतो. अंग किंचित पुढे झालं होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नसेल. नाव आलं नाही. तू फक्त पुढे म्हणालास, "आज देत न्हाई. अजून दोन महिन्याचं काम हाय. तवर हितंच राहू द्या, मग घेऊन जावा." केयूर एका शब्दाने हो म्हणाला. पाच वर्षं मी ती गाडी माझी म्हणून शेडमध्ये ठेवली होती आणि माझ्यासमोर दोन माणसांनी मला न विचारता तिचं ठरवलं. घरी आल्यावर विक्रीच्या कागदावर मी बांधणाऱ्याच्या जागी तुझं एकट्याचं नाव घातलं आहे आणि पैसे केयूर तुलाच देईल. त्यावर मला कार्ड पाठवू नकोस.

हे सगळं तिथं बोलता आलं असतं. पण त्यानंतर जे झालं त्याने माझं तोंड बंद झालं, म्हणून लिहितो आहे.

सत्यशीलाबाई, तुझी आई, घरातून भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या. काकूने त्यांचे हात धरले. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी उठून गाडीकडे, म्हणजे केयूरच्या गाडीकडे, निघालो होतो. आपण जावं असं वाटलं. तू दहा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात जेवलास, वेगळ्या कपातून चहा प्यायलास, आणि वेगळा कप हे मी प्रेमाचं लक्षण समजत होतो. तुझ्या घरचं मी कधी पाणी प्यायलो नाही. कोणी दिलंच नाही असं मी सांगायचो. खरं म्हणजे वेळ येऊ दिली नाही.

तू म्हणालास, "काकू, बसा जेवायला."

काकू म्हणाली, "आन् सर?"

तू बॉनेटखाली वाकलेला होतास. वर पाहिलं नाहीस. तू हातातला सांधा आवळत राहिलास, आणि तेवढा वेळ मी तिथं उन्हात उभा होतो, जायचं की थांबायचं ते तुझ्यावर सोडून. मग म्हणालास, "त्यांनीबी हात धुवून घ्यावेत."

तुझ्या आईने तांब्याने माझ्या हातावर पाणी घातलं. मी जेवलो, दोन भाकरी. भाजी तिखट होती, आणि मी आणखी मागून घेतली.

काशीनाथ